इंग्रजीच्या पेपराचा दिवस

दहावीच्या परीक्षेला विषय पुष्कळ असतात. पण ज्यांची तारीख घरातल्या आजीलाही ठाऊक असते असे पेपर दोनच. एक गणिताचा आणि दुसरा इंग्रजीचा. गणितातले आकडे निदान बाजारात, डेअरीवर, कांद्याच्या पावतीवर रोज भेटतात. इंग्रजी मात्र आपल्या ओट्यावर येऊन बसत नाही. त्यामुळे ‘उद्या इंग्रजी आहे’ असे मुलगा म्हणाला की घरातले बोलणे एकदम हळू होते. आई देवापुढे दिवा लावते, वडील ‘होईल ते होईल’ म्हणतात; आणि जे व्हायचे ते कसे होते, हे मात्र मुलाला कोणी सांगत नाही.

तेच आज सांगावयाचे आहे. मी महाविद्यालयात शिकवतो. दहावी होऊन अकरावीत आलेल्या मुलांना मी दरवर्षी विचारतो, ‘काय रे, इंग्रजीच्या पेपरात अवघड काय गेलं?’ उतारा अवघड गेला म्हणणारी मुले असतात, नाही असे नाही. पण ‘सर, सुरुवातीला काही सुचेचना’ असे म्हणणारी त्याहून अधिक भेटतात. म्हणजे अडले ते भाषेपाशी नव्हे, दारापाशी. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हा दिवस कसा जातो आणि तो कागद कसा असतो याची आधी ओळख झाली, तर ज्याला जेवढे इंग्रजी येते तेवढे त्याच्या उत्तरपत्रिकेत उतरते. ओळख नसेल तर येत असलेलेही उतरत नाही.

ही भीती आली कोठून, तेही पहा. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे जुनी मॅट्रिक, १८५९ साली झाली. त्या पहिल्या वेळी उत्तीर्ण झालेल्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. त्यांचा जन्म १८४२ सालचा, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. त्या काळी इंग्रजी हा नुसता एक विषय नव्हता. पुढच्या साऱ्या शिक्षणाचा तो दरवाजाच होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात कित्येक वर्षे इंग्रजी आठवीपासून शिकवीत. पुढे ती पाचवीपासून आली आणि २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाली. आजोबांनी तीन-चार वर्षे इंग्रजी शिकून मॅट्रिकला तोंड दिले; आजचा नातू दहा वर्षे शिकून बसतो. घरातली भीती मात्र आजोबांच्या वेळचीच आहे. जमिनीबरोबर जुने कर्जही वारशाने यावे, तशी ती आली आहे.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळू. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. मंडळाचे नऊ विभाग आहेत. त्यांतल्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात. पूर्वी परीक्षा मार्चची म्हणून ओळखली जाई. हल्ली ती फेब्रुवारीतच लागते. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. दिंडोरी-निफाडकडे हे दिवस द्राक्षांच्या खुडणीचे. घरात हातांची गरज असते हे खरे. पण पेपराच्या आदल्या दिवशी मुलाला बागेत नेऊ नये, एवढे वडीलधाऱ्यांनी पाळावे.

आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी एका जागी ठेवा: प्रवेशपत्र, एकाच रंगाच्या शाईची दोन-तीन चालती पेने आणि पाण्याची बाटली. प्रवेशपत्र हरवले तर घाबरून घरी बसू नये. शाळा त्याची पुन्हा छापील प्रत काढते आणि लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून देते. मुख्याध्यापकांना लगेच कळवायचे, एवढेच. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशी, निदान पहिल्या पेपरापूर्वी, मुलाने ते एकदा पाहून यावे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांत पाड्यावरून एस.टी.च्या फाट्यापर्यंतच पाऊण तास चालावे लागते. अशा मुलांनी शेवटच्या गाडीचा भरवसा धरू नये, तिच्या आधीची धरावी.

सकाळी रोजचेच खावे. भाकरी-भाजी खाणाऱ्याने त्या दिवशी भाकरी-भाजीच खावी. शिरा-पुरीचे लाड निकालाच्या दिवसासाठी राखून ठेवावेत. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू होतो, पण परीक्षा दालनात साडेदहाला हजर राहायचे असते. हा अर्धा तास नियमासाठी तर आहेच. मुलाच्या जिवालाही त्याची गरज असते. धापा टाकत आलेल्या मुलाची पहिली वीस मिनिटे श्वासातच जातात.

दालनात काय घडते? आपला बैठक क्रमांक ज्या बाकावर लिहिला असेल तेथे बसायचे. समोरचे पर्यवेक्षक ओळखीचे नसतील. शेजारीही दुसऱ्या शाळेचा मुलगा असेल. त्यांत काही वावगे नाही, व्यवस्थाच तशी आहे. आधी उत्तरपत्रिका मिळते. तिच्या मुखपृष्ठावर बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत लिहायचा, विषय व दिनांक लिहायचा आणि बारकोडचा चिकट कागद सांगितलेल्या जागीच लावायचा. त्या बारकोडमुळे पेपर तपासणाऱ्याला मुलाचे नाव-गाव कळत नाही. नाशिक शहरातल्या मोठ्या शाळेचा मुलगा आणि आश्रमशाळेची मुलगी त्याच्यापुढे सारखीच असतात. हे मुलांना मुद्दाम सांगा, धीर येतो.

प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटातून येतात आणि बरोबर अकराला हातात पडतात. पूर्वी त्या दहा मिनिटे आधी वाचावयास देत. २०२३ च्या परीक्षेपासून ती पद्धत बंद झाली आणि तीच दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळू लागली. म्हणजे अकराचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. अपंग विद्यार्थ्यांना याखेरीज नियमाप्रमाणे दर तासाला वीस मिनिटे अधिक मिळतात, आणि गरज असेल त्याला लेखनिकही मिळतो. मात्र त्याची परवानगी शाळेने आधीच काढून ठेवलेली असावी लागते.

आता कागद उघडू या. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. तिचे शंभर गुण. त्यांतले वीस शाळेतल्या तोंडी परीक्षेचे व अंतर्गत कामाचे, आणि या दिवशी लिहावयाचे ऐंशी. त्या विसांना कोणी कमी लेखू नये. २०१९ च्या मार्चमध्ये भाषांचे ते अंतर्गत गुण नव्हते. त्या वर्षी दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. पुढे हे गुण पुन्हा सुरू झाले. तेव्हा पेपराच्या दिवसाची काही कमाई मुलाने शाळेत आधीच करून ठेवलेली असते.

लेखी ऐंशी गुणांची वाटणी अशी. पहिला प्रश्न शब्दांच्या खेळांचा: गाळलेली अक्षरे भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, विरामचिन्हे घाला, एका शब्दातून चार शब्द काढा, अशा कृती, गुण दहा. दुसरा पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांचा, गुण वीस. तिसरा कवितांचा, गुण दहा. चौथा पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा आणि सारांशाचा, गुण पंधरा. पाचवा व सहावा लेखनाचे: पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचे रूपांतर, बातमी किंवा गोष्ट, दोन्ही मिळून वीस. सातवा भाषांतराचा, गुण पाच.

ही बेरीज मांडली ती यासाठी. दुसरा, तिसरा आणि चौथा हे तीन प्रश्न मिळून पंचेचाळीस गुण होतात, आणि या प्रश्नांचे उतारे व कविता त्याच कागदावर छापलेल्या असतात. पाठ केलेले आठवायचे नाही. समोरचे वाचायचे आहे. सगळीच उत्तरे उताऱ्यात सापडतात असे नव्हे. थोडे व्याकरण असते, थोडे ‘तुला काय वाटते’ असेही विचारलेले असते. पण वाक्य बरोबर की चूक, कोणी काय केले, चौकटीत काय भरायचे, याचे उत्तर वरच्या ओळींतच बसलेले असते. ते शोधायचे, आणि चौकट काढायला सांगितली असेल तर चौकटीसह लिहायचे. सातव्या प्रश्नात तर उत्तर आपल्या मराठीतच लिहायचे असते. इंग्रजीच्या पेपरात पाच गुण मराठीचे आहेत, हे किती घरांत ठाऊक असते?

‘पण सर, शब्दच अडला तर?’ अडणारच. शब्द अडला म्हणजे वाक्य अडले, असे मात्र समजू नका. उताऱ्यात असे वाक्य आले समजा: ‘द टायर्ड फार्मर ट्रज्ड होम इन द रेन.’ यातला ‘ट्रज्ड’ पुष्कळांना नवा. पण शेतकरी कळला, दमलेला कळला, घर कळले, पाऊस कळला. दमलेला शेतकरी पावसात घराकडे काय करील? पाय ओढत जाईल. झाला अर्थ! ‘शेतकरी कोठे गेला?’ असे विचारले तर त्या अडलेल्या शब्दावाचून उत्तर लिहिता येते. गुऱ्हाळात पाहुणा आला तर आपण त्याच्या बोलीतला एखादा शब्द न कळला म्हणून गप्प बसत नाही. मागचे-पुढचे धरून बोलणे चालू ठेवतो. उतारा तसाच वाचायचा.

आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना ही कला नवी नाही. पेठ-सुरगाण्याचे पोर घरी कोकणा बोलते, बागलाणचे पोर अहिराणी बोलते. शाळेत ते मराठी शिकले, वर हिंदी शिकले. दोन-तीन भाषांत ये-जा करण्याची सवय त्याला लहानपणापासून आहे. शिवाय मोटर, पंप, पाइप, स्प्रे, ट्रॅक्टर, बिल, लोन, डॉक्टर हे शब्द त्याच्या घरात रोज वापरले जातात. त्याला इंग्रजीचे काहीच येत नाही, असे त्याच्यासमोर बोलू नका. ते खरे नाही, आणि ऐकून ऐकून त्याला मात्र ते खरे वाटू लागते.

आता वेळेचा हिशेब. एकंदर मिनिटे एकशे नव्वद. पहिली दहा सगळा कागद वाचण्यात घालवा. ती वाया जात नाहीत. मग पहिल्या प्रश्नाला पंधरा, दुसऱ्याला पंचेचाळीस, तिसऱ्याला वीस, चौथ्याला तीस, पाचव्या-सहाव्याला मिळून पंचेचाळीस आणि सातव्याला दहा. शेवटी पंधरा मिनिटे उरतात, ती तपासण्यासाठी. ज्याला सुरुवातीला धडधडते त्याने जो प्रश्न सोपा वाटेल तो आधी घ्यावा. भाषांतरापासून सुरुवात केली तरी चालते. हात एकदा चालू लागला की मन मागे राहत नाही. मात्र प्रश्नाचा आणि कृतीचा क्रमांक कागदावर जसा असेल तसाच समासात लिहावा. क्रमांक चुकला तर परीक्षकाला उत्तर कशाचे ते कळणार नाही.

पत्र लिहिताना दिलेले मुद्दे घ्यावेत आणि साधी, छोटी वाक्ये लिहावीत. पाठ केलेली भारी वाक्ये मध्येच तुटतात. आणि एक गोष्ट दहा वेळा सांगितली तरी थोडी: जागा कोरी सोडू नका. परीक्षक लिहिलेल्याला गुण देतो. अर्धे बरोबर असेल तर अर्धे पदरात पडेल. कोऱ्या जागेला तो इच्छा असूनही काही देऊ शकत नाही. चुकीच्या उत्तराचे गुण या परीक्षेत कापले जात नाहीत.

आता एक नाजूक विषय. परीक्षा म्हटली की काही गावांत मुलांपेक्षा खिडकीबाहेरच्या मंडळींचीच तयारी अधिक असते. चिठ्ठी, इशारे, भिंतीवर चढणे. कायद्याचे सांगायचे तर परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साध्या व्यवहारानेच पहा. पुस्तकाबाहेरचा उतारा आधी कोणालाच ठाऊक नसतो. मग चिठ्ठीत त्याचे उत्तर येणार कोठून? जे कागदावर समोर छापलेले आहे ते वाचायचे सोडून मुलाने खिडकीकडे डोळे लावायचे, हा कसला सौदा? खिडकीबाहेर उभा राहणारा मामा भाच्याला मदत करीत नाही, त्याचा वेळ खातो. भरारी पथक दालनात आले तर मुलाने मान खाली घालून लिहीत राहावे. ज्याच्याजवळ काही नाही त्याने कोणाला भ्यायचे कारण नाही.

पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका स्वतः पर्यवेक्षकांच्या हाती द्यावी. पुरवणी घेतली असेल तर ती नीट जोडली आहे ना, हे पाहावे. घरी आल्यावर ‘कसा गेला, किती पडतील’ ही जिरह करू नका. त्याला हातपाय धुऊ द्या, जेवू द्या. दिलेला पेपर आता आपल्या हातात नाही, पुढचा आहे.

आणि समजा, इंग्रजी राहिलीच तर? हा प्रश्न टाळून चालत नाही, कारण याच एका विषयापायी पोरांची शाळा सुटते आणि पोरींची लग्ने ठरतात. म्हणून नीट ऐका. मार्चमध्ये राहिलेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. ही सोय २०१५ सालापासून आहे. वर्ष फुकट जात नाही. एक किंवा दोन विषय राहिले तरी अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळू शकतो आणि राहिलेले विषय पुढे सोडविता येतात. तेव्हा निकालाच्या दिवशी एका विषयावरून मुलीचे दप्तर माळ्यावर टाकू नका. शाळेत जा, पुरवणीचा अर्ज भरण्याची तारीख विचारा आणि तो भरा. ती तारीख लवकर येते आणि लवकर जाते. घर दुःखात असते आणि दिवस निघून जातात.

शेवटी शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. सराव परीक्षा आपण घेताच. पण बहुतेक वेळा ती मुलांच्या रोजच्या वर्गात, रोजच्या बाकावर आणि आपल्याच देखरेखीखाली होते. तिच्यातून इंग्रजीचा सराव होतो, पण त्या दिवसाचा होत नाही. जानेवारीतला एक दिवस त्यासाठी काढा. मुलांना दुसऱ्या वर्गात बसवा. जमल्यास शेजारच्या गावच्या शाळेशी ठरवून मुलांची अदलाबदल करा. साडेदहाला हजेरी, अकराला कागद, दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा. मुखपृष्ठ भरायला लावा, बैठक क्रमांक अक्षरांत लिहायला लावा, पुरवणी जोडायला लावा. पर्यवेक्षक म्हणून मुलांनी कधी न पाहिलेला शिक्षक पाठवा. पेपर झाल्यावर गुण नंतर सांगा. आधी एवढेच विचारा, ‘कुठं अडलास? किती वेळ बसून राहिलास?’ जो मुलगा वीस मिनिटे नुसता बसून होता, त्याला व्याकरणाच्या आणखी एका तासाची गरज नाही. त्याला असा आणखी एक दिवस हवा आहे.

याला पैसा लागत नाही, नवे पुस्तक लागत नाही. एक दिवस, दोन शाळांचा समजूतदारपणा आणि थोडी हौस एवढे पुरे. पालकांनी त्या दिवशी मुलाला नेहमीची भाकरी बांधून द्यावी आणि वेळेवर निघू द्यावे. मग खऱ्या दिवशी तो केंद्रात शिरेल तेव्हा बाक, घंटा, कागद आणि समोरचा अनोळखी माणूस ही सगळी त्याला एकदा भेटलेली असतील.